तळटीप : थर्मामीटरवरची लाल खूण

१४. ‘९८.६ च्या वर पारा गेला की ताप’ : लेखकाच्या काळात हा आकडा सर्वमान्य होता. त्याचे मूळ जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांच्या १८६८ च्या ग्रंथात आहे. लाइपझिगमध्ये सुमारे २५,००० रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून घेतलेल्या नोंदींवरून त्यांनी निरोगी शरीरासाठी ३७ अंश सेल्सियस ही सरासरी मांडली. फॅरनहाइटमध्ये तिचे ९८.६ झाले आणि दशांशामुळे मुळात नसलेली अचूकता त्या आकड्याला चिकटली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात १४८ निरोगी व्यक्तींची, तोंडात मोजलेली सरासरी ९८.२ भरली, पहाटे कमी, संध्याकाळी जास्त असा रोजचा चढउतारही दिसला.

निरोगी माणसांचे आकडेही असे वेगवेगळे असतात, म्हणून लॅबच्या रिपोर्टवर एका आकड्याऐवजी ‘नॉर्मल’चा पट्टा छापतात. तो बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचा असतो. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाचेक माणसे व्याख्येनेच बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. उलट, एखाद्या पुरुषाचे हिमोग्लोबिन वर्षभरात १६ वरून १३.५ वर उतरले, तर रिपोर्ट बहुधा ‘नॉर्मल’च येईल, कारण मात्र शोधावे लागेल. अशा वेळी जुना रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिलेला बरा. — संपा.