नवरदेवाची उलटी स्तुती

लग्नाच्या गाण्यांत विहिणीची टर उडवायची आपली जुनी रीत. सूर कौतुकाचा, शब्द टोचणारे; विहिणीलाही हसून घ्यावंच लागतं. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली हीच युक्ती रंगभूमीवर आणली, 'संगीत शारदा' नाटकात.

कांचनभट पैशाच्या लोभानं आपल्या कोवळ्या पोरीचं, शारदेचं, लग्न भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्याशी ठरवतो. मग शारदेची मैत्रीण वल्लरी नवरदेवाचं वर्णन गाते. थाट सगळा स्तुतीचा. नवरा कुठला म्हातारा, पंचाहत्तरीचा तर आहे, लग्नाला अजून लहानच! पुढे दात, कान, डोळे, एकेकाची हजेरी. संगीत नाटकांत नायक-नायिकेचं रूप आळवून गायचं असे. देवलांनी तोच मान बोळक्या तोंडाच्या नवऱ्याला दिला! म्हणून हे पद सुरात, गंभीर चेहऱ्यानं गावं लागतं. गाणारीच हसली की मजा गेली.

गाणारी म्हटलं खरं, पण तेव्हा या मंडळींत बायकांची कामंही मुलगे-पुरुषच करत. आपल्या कोल्हापूरचे केशवराव भोसले, जन्म १८९०चा, अगदी लहान वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत शारदा झाले आणि त्यांच्या गळ्यानं नाव गाजवलं. एकाच नाटकात वल्लरीची थट्टा आणि शारदेची भीती, दोन्ही गाण्यांतून. समोर पोरींचे पैसे घेणारे बाप आणि बोहल्यावर चढायला निघालेले बिजवरही बसलेले असणार. त्यांच्या तोंडावर एरवी हे कोण बोललं असतं?

बालविवाहाला आवर घालणारा कायदा आला १९२९ साली, नाटकानंतर ३० वर्षांनी. त्याला लोक 'शारदा कायदा' म्हणतात, पण ते नाव अजमेरच्या हरविलास सारडांचं. नाटकाशी त्याचा संबंध नाही. मुलीचं वय त्यात १४ होतं. ते १८ व्हायला १९७८ उजाडलं.

शाहू महाराजांनी १९१५च्या सुमारास उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचंच नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

तुमच्या गटाच्या कार्यक्रमात वल्लरीचं पद बसवायचं असेल, तर पेटी-तबल्यावर नीट तालीम करा. आणि गाणारी अशी निवडा, जिला हसू दाबता येतं.