फेरफार : चार रकान्यांची कुळकथा

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव, कळमनुरी, वसमत, कुठंही जा. कुणी जमीन घेतली की भेटेल तो विचारतो, ‘‘फेर झाला का?’’ रजिस्ट्री झाली, पैसे दिले, तरी सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. हा फेर म्हणजे गाव नमुना ६, फेरफार नोंदवही. कामाची चाल बसवून देण्यासाठी आज कंपन्या ‘बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट’ नावाचं सॉफ्टवेअर विकत घेतात. महसूल खात्यात ती चाल या वहीनं शंभर वर्षांपूर्वीच बसवली.

तिचा जन्म मुंबई इलाख्यातला. इंग्रजांच्या मोजणीनं जमिनीचा आकार आणि सारा ठरला, पण दप्तरात नाव असे ते सारा भरणाऱ्याचं. वाटणी, गहाण, विक्री, वारसा यांमुळे कागद एकीकडे आणि कसणारा दुसरीकडे, असं होऊ लागलं. म्हणून १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच सामावला.

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. गावचं दप्तर पटवाऱ्याच्या हाती. इथला हक्कनोंदणीचा नियम फसली १३५८ चा, म्हणजे साधारण १९४८-४९ चा. त्यातून १९५४-५५ चं खासरा पत्रक तयार झालं. जुना वाद निघाला की मराठवाड्यातला माणूस अजून आधी खासरा काढतो. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं सगळ्या राज्याची चाल एक केली.

वही उघडली तर रकाने चारच : नोंदीचा क्रमांक, मिळालेल्या हक्काचं स्वरूप, गट क्रमांक आणि चाचणी अधिकाऱ्याचा शेरा. तलाठी नोंद लिहितो, पण मंजूर करत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण ६-अ या तक्रारींच्या वहीत चढतं. नाही आली तर मंडळ अधिकारी तपासून सही करतो. मग सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो. नाव खोडत नाहीत. शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो, म्हणजे मागचा माग काढता येतो. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं, ज्याचं जाणार त्याला आधी कळवायचं आणि प्रत्येक पायरीला मुदत ठेवायची : सॉफ्टवेअर विकणारे वेगळं काय सांगतात?

संगणकानं वाचवले ते हेलपाटे. पूर्वी खरेदीचा कागद घेऊन तलाठ्याची वाट बघावी लागे. आता ई-फेरफारमध्ये दुय्यम निबंधकाकडून माहिती थेट महसुलाकडे जाते आणि मंजुरी मिळताच सातबारा बदलतो. डिजिटल सहीचा उतारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो. मात्र जुन्या वहीतलं चुकलेलं क्षेत्र टंकताना संगणकातही चुकलेलंच उतरतं. मग कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज आलाच. चाल चांगली असली तरी डोळे माणसाचेच लागतात.

कलम १५७ नुसार मंजूर नोंद खोटी ठरेपर्यंत खरीच धरली जाते. तेव्हा नोटीस आली तर ती कोनाड्यात ठेवू नका. हातात पंधराच दिवस असतात.