योगसाधना आणि मनोविकाराचा कलंक : नाशिक व महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतही एक विसंगती वारंवार आढळते. मुलगा पहाटे योगवर्गाला जातो, हे पालक अभिमानाने सांगतात. तोच मुलगा मनोविकारतज्ज्ञाकडे जात असेल, तर ते शेजारघरीही कळू दिले जात नाही. वस्तुतः दोन्हींमागील हेतू मनःस्वास्थ्य हाच असतो. मग एकाला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला लोकलज्जा का प्राप्त झाली? या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी इतिहासात आहे. योगाभ्यास आणि मनोरुग्णसेवा यांची महाराष्ट्रातील वाटचाल एकत्रितपणे तपासून, योगाने मनोविकाराविषयीची कलंकभावना कमी केली की केवळ झाकली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरेतील मनोविचार :

नाशिक परिसराला योगपरंपरेचा जुना वारसा आहे. त्र्यंबकेश्वर येथे निवृत्तिनाथांची समाधी असून, ब्रह्मगिरीच्या परिसरात त्यांना गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली, अशी परंपरागत श्रद्धा आहे. त्यांचे शिष्य व धाकटे बंधू ज्ञानेश्वर यांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीयोगाचे विस्तृत विवेचन मराठीत आणले. या योगाचे ध्येय आरोग्य नव्हे, तर मोक्ष होते. तथापि, मन आणि शरीर यांचा संबंध या परंपरेने ओळखला होता. चित्तविक्षेपाबरोबर दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासाची अनियमितता ही लक्षणे येतात, असे पतंजलीने नमूद केले आहे.

परंतु केवळ यावरून प्राचीन काळी मनोरुग्णाला सर्वत्र सहानुभूती मिळत होती, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. चरकसंहितेत उन्मादाच्या दोषज आणि आगंतू अशा दोन्ही प्रकारांचा विचार असून, औषधांबरोबरच रुग्णाला भय दाखविणे व बांधून ठेवणे यांचाही उल्लेख आहे. दुसरीकडे, रिद्धपूरच्या श्रीगोविंदप्रभूंचे लोकविलक्षण वर्तन अनेकांना वेडेपणाचे वाटत असतानाही महानुभाव पंथाने त्यांना ईश्वरावतार मानले. ‘वेड’ या शब्दात भय, दया आणि आदर या तिन्ही छटा एकेकाळी नांदत होत्या, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

आश्रयगृहाचा वारसा :

या छटांपैकी भयाची छटा अधिक गडद होण्यास वसाहतकालीन व्यवस्था मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. 1858 च्या कायद्याने आणि पुढे 1912 च्या भारतीय वेडेपणा कायद्याने मनोरुग्णाच्या दाखल्याची वाट पोलीस व दंडाधिकारी यांच्यामार्फत ठरविली. मोकाट फिरणाऱ्या रुग्णाला पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे पोलिसांचे कर्तव्य मानले गेले. परिणामी आजारी माणूस आणि आरोपी यांच्यातील सीमारेषा जनमानसात पुसट झाली.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही ब्रिटिश काळात उभी राहिलेली चार मोठी मनोरुग्णालये होत. यांपैकी एकही नाशिकला नव्हते. येथील कुटुंबाला आपला माणूस दूर परगावी ठेवून यावे लागे. आणि दूर ठेवलेला माणूस बहुधा विस्मृतीतही जाई. ‘याला येरवड्याला पाठवा’ किंवा ‘ठाण्याला न्या’ अशी वाक्ये थट्टेत रूढ झाली. गावांची नावेच शिवीसारखी वापरली जावीत, यातून कलंकभावना भाषेत किती खोल रुजली, याची कल्पना येते. विवाह जुळविताना घरातील आजार लपविण्याची प्रथा याच भीतीतून बळावली.

योग प्रयोगशाळेत :

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योगाच्या स्वरूपात मूलगामी बदल झाला. 1918 मध्ये योगेंद्रजींनी मुंबईत ‘द योग इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली. स्वामी कुवलयानंद (पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे) यांनी काही काळ खानदेशातील अमळनेर येथे शिक्षणकार्य केले होते. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसन व प्राणायाम यांचे शरीरावरील परिणाम मोजता येतील, ही त्यांची भूमिका होती. साधकांच्या वर्तुळातील विद्या अशा रीतीने सामान्य माणसाच्या आरोग्याचे साधन बनली.

मनोविकाराच्या संदर्भात महत्त्वाचा टप्पा मात्र 1960 नंतर आला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी कैवल्यधामचे डॉ. एस. एल. विनेकर आणि डॉ. डी. आर. दुंगाजी यांच्यासमवेत 1966 मध्ये ब्रिटिश मानसोपचार नियतकालिकात या विषयावर लेख प्रसिद्ध केला. पुढील अभ्यासांत त्यांच्या गटाने आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान या पायऱ्यांवर आधारित उपचारपद्धती प्रामुख्याने चिंताविकृती आणि मनोकायिक विकारांच्या रुग्णांवर तपासली. एका गटाला खरी पद्धती, तर दुसऱ्याला वरवर तशाच दिसणाऱ्या क्रिया देऊन त्यांनी तुलना केली. येथे योग रुग्णालयाच्या आत होता. रुग्णाचे निदान झाले होते आणि परिणामांची नोंद ठेवली जात होती. योग आणि वैद्यक परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हते, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

नाशिकमधील योगप्रसार :

नाशिक येथे विश्वास मंडलिक यांनी 1978 मध्ये ‘योग विद्या धाम’ची स्थापना केली. वर्ग, शिक्षक-प्रशिक्षण आणि त्र्यंबकेश्वर मार्गावरील गुरुकुल यांद्वारे या कार्याचा विस्तार झाला. 2018 मध्ये मंडलिक यांना योगाच्या प्रसार व विकासासाठीचा पंतप्रधान पुरस्कार जाहीर झाला. याच शहरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (1989) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (1998) ही दोन राज्यस्तरीय विद्यापीठे आहेत. योगशिक्षण आणि वैद्यकीय शिक्षण यांची केंद्रे एकाच नगरीत असण्याचा असा योग विरळा.

योगवर्गाचे सामाजिक महत्त्व नाकारता येणार नाही. तेथे जाण्यासाठी निदानाचा शिक्का लागत नाही. निद्रानाश, अस्वस्थता, उदासी यांनी त्रस्त झालेल्या व्यक्तीस, विशेषतः घराबाहेर पडण्याची संधी कमी असलेल्या गृहिणीस, नियमित व्यायाम, श्वसनाची शिस्त आणि चार माणसांचा सहवास तेथे मिळतो.

झाकलेला कलंक :

तथापि, लज्जा वाटू नये म्हणून निवडलेला मार्ग लज्जेचे कारण दूर करीलच, असे नाही. ‘प्राणायाम कर, मन खंबीर ठेव, सर्व ठीक होईल’ हा उपदेश सद्‌भावनेने केला जातो. परंतु आजार बरा झाला नाही, तर दोष रुग्णाच्या इच्छाशक्तीकडे जातो. पूर्वी भूतबाधा वा करणी हे कारण सांगितले जाई. आता मनाचा दुबळेपणा सांगितला जातो. दोन्हींत आजाराला आजार म्हटले जात नाही. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र विकारात औषधे अचानक बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका असतो. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेतील 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रुग्णांना योगाचा लाभ दिसून आला. पण तो औषधोपचार चालू ठेवून दिलेल्या योगाचा होता.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी 10.6 टक्के व्यक्तींना त्या वेळी मनोविकार होता आणि विविध विकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के होते. सर्वेक्षणासाठी निवडलेल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही हे आकडे आपणांस अपरिचित वाटू नयेत.

कलंकभावनेला थेट भिडण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात अन्य मार्गांनी झाले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारली. ‘देवराई’ (2004) या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया मराठी घरांत चर्चेचा विषय केला. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे व मारहाण करणे हा गुन्हा ठरविला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली, कलंक दूर करण्यासाठी जनजागृती हे शासनाचे कर्तव्य मानले आणि आयुर्वेद, योग आदी पद्धतींच्या मनोरुग्णसेवा संस्थांनाही आपल्या कक्षेत घेतले.

समारोप :

सारांश, योगाने मनःस्वास्थ्याकडे जाणारे एक सन्माननीय दार उघडले; परंतु त्या दारातून पुढे उपचारांपर्यंत रस्ता असल्याशिवाय कलंकभावना ओसरत नाही. वाहिया-विनेकर यांच्या सहकार्यातून मिळणारा धडा हाच आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी तो अगदी जवळचा आहे. दरवर्षी 21 जूनला आपण विद्यार्थ्यांना मैदानावर आसने करण्यासाठी एकत्र आणतो. त्याच दिवशी समुपदेशक कोठे भेटतो, मनोविकारतज्ज्ञाकडे केव्हा जावे आणि तेथे जाण्यात कमीपणा नाही, हेही उघडपणे सांगितले गेले पाहिजे. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसू लागलेल्या विद्यार्थ्याला योगवर्गाचा पत्ता देणे चांगलेच. परंतु त्याच्या आजाराचे नाव न संकोचता उच्चारता येईल असे वातावरण त्याला देणे, हे त्याहून अधिक निकडीचे आहे.