वज्री, कांशाची वाटी आणि पोलादी पट्टी

दिवाळीच्या पहांटे अभ्यंगस्नानासाठीं पाट मांडला, कीं तेल आणि उटणें यांच्या जोडीला पितळेची वज्री काढून ठेवण्याची पद्धत अनेक मराठी घरांत होती. कांहीं घरांत ती आजही आहे. टांचा घासून झाल्या कीं वज्री पुन्हां कोनाड्यांत जाते आणि वर्षभर तिची कोणास फारशी आठवण रहात नाहीं. उन्हाळा आला म्हणजे फडताळांतून दुसरें एक साधन बाहेर निघतें. तें म्हणजे कांशाची वाटी. तळपायास तूप किंवा एरंडेल लावून ही वाटी उपडी धरून घासली असतां पायांची आणि डोळ्यांची आग शमते, अशी घरोघरीं समजूत आहे. हातांत एकादें कठीण साधन धरून त्वचा, स्नायू व स्नायुबंध यांवर उपचार करण्याची जी विद्या अलीकडे पोलादी अवजारांसह पाश्चात्य देशांतून भारतांत आली आहे, तिचीं हीं दोन घरगुती भावंडें होत.

ही विद्या नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत अभ्यंग, उद्वर्तन व उद्घर्षण यांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत, आणि उद्घर्षणासाठीं विटेचा उपयोग तेथें स्पष्टपणें नमूद आहे. विटेनें घासल्यानें खाज व अंगावरील गांधी नाहींशा होतात, असें संहिताकार म्हणतात. कोणता उपचार हातानें करावा आणि कोणता साधनानें, हा विवेक त्या काळींही होता, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

याच प्रकारचें साधन ग्रीक व रोमन लोकांच्या आखाड्यांत नित्य वापरलें जात असे. ग्रीक मल्ल अंगास तेल लावून त्यावर धूळ माखीत. कुस्ती संपली म्हणजे तेल, घाम आणि धूळ यांचा थर ते धातूच्या वांकड्या पट्टीनें खरवडून काढीत. या पट्टीस इंग्रजींत स्ट्रिजिल म्हणतात. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील लिसिपस या शिल्पकारानें अंग खरवडणाऱ्या मल्लाचा पुतळा घडविला होता. त्याची रोमन काळांतील संगमरवरी प्रतिकृति इ. स. १८४९ मध्यें रोम येथें सांपडली व ती व्हॅटिकनच्या संग्रहालयांत आहे. विशेष असें कीं, खरवडून निघालेला तो मळ फेंकून देत नसत. थोरल्या प्लिनीनें आपल्या ग्रंथांत तो औषध म्हणून विकला जात असे, असें लिहून ठेविलें आहे. मल्लाच्या अंगांतील बळ त्या मळांत उतरलें असावें, ही कल्पना त्यामागें असेल तर त्यांत नवल नाहीं.

चीन देशांत नाण्यानें, चमच्याने किंवा शिंगाच्या तुकड्यानें पाठ खरवडण्याची पद्धत जुनी आहे. तिला ग्वा शा म्हणतात. इ. स. १६७५ च्या सुमारास त्या विषयावर चिनी भाषेंत स्वतंत्र ग्रंथ झाला. खरवडल्यावर पाठीवर तांबडे-जांभळे ठिपके उठतात, आणि ते म्हणजे आंतील दोष बाहेर पडला, असें तेथें मानीत आले आहेत. वस्तुतः ते त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून झिरपलेलें रक्त होय. आपल्या घरांतील कांशाच्या वाटीचीही कथा अशीच आहे. घासतां घासतां तळव्यावर काळा लेप जमतो, आणि वडील मंडळी म्हणतात, 'पहा, किती उष्णता निघाली!' कांसें म्हणजे तांबें व कथील यांचा मिश्र धातु. घर्षणानें त्याचे सुटलेले सूक्ष्म कण आणि स्निग्ध पदार्थ मिळून तो काळा रंग होतो. प्रकृति निरोगी असली तरीही तो येणारच. ग्रीकांचा मळ, चिनी ठिपके आणि मराठी काळिमा या तिहींतून एकच मानवी स्वभाव दिसून येतो. साधनाखालीं जें दृष्टीस पडतें, त्यालाच मनुष्य उपचाराचा पुरावा समजतो.

या विद्येची खरी कसोटी जेथें लागते, असा एक प्रदेश महाराष्ट्रांत आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यांत, वारणेच्या खोऱ्यांत कोडोली हें मोठें गांव आहे. त्याला लागूनच वारणानगर असून, तात्यासाहेब कोरे यांनीं उभारलेला सहकारी साखर कारखाना आणि त्यांच्या स्मरणार्थ होणारें कुस्त्यांचें मैदान या दोहोंमुळें त्याचें नांव दूरवर गेलें आहे. या मुलखांत ऊस तोडणाऱ्याची कंबर, नांगर धरणाऱ्याचा खांदा आणि पैलवानाचा गुडघा हीं तिन्हीं एकाच दुखण्यानें त्रस्त असतात. याच कोडोलीस अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशननें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपलें ठाणें केलें, आणि पुढें तेथें इस्पितळही झालें. त्यामुळें दुखऱ्या सांध्यास एका बाजूस तालीम व दुसऱ्या बाजूस डॉक्टर, असे दोन दरवाजे या गांवांत उघडे राहिले.

कोल्हापुरी तालमींत अवजार नसतें. हौदांतील तांबड्या मातींत तेल, ताक, हळद व लिंबू घालून ती मऊ केलेली असते. लढत संपली कीं अंगावर वाळलेली माती जोडीदार हातानेंच निपटून काढतो, आणि मग मालिश सुरू होते. अंगठा, कोपर, तळहात व टांच हींच काय तीं वस्तादाचीं साधनें. राजर्षि शाहू महाराज इ. स. १९०२ मध्यें विलायतेस गेले. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहून कोल्हापुरांत खासबाग मैदान बांधण्याची कल्पना त्यांस सुचली, असें सांगतात. तें मैदान इ. स. १९१२ मध्यें पुरें झालें. रोमचें रिंगण अशा रीतीनें पंचगंगेच्या कांठीं आलें. परंतु रोमन मल्लांची पट्टी कांहीं आली नाहीं. येथील हातांस तिची गरज भासली नसावी.

युरोपांत मात्र चोळण्याची विद्या हळूहळू वैद्यकशास्त्रांत शिरली. स्वीडनमध्यें पेर हेन्रिक लिंग यानें इ. स. १८१३ मध्यें व्यायामविद्येची संस्था स्थापिली. पुढें हॉलंडमधील डॉ. मेझगर यानें मर्दनाच्या प्रकारांचें वर्गीकरण रूढ केलें. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील डॉ. जेम्स सिरिअॅक्स यांनीं विसाव्या शतकांत, दुखावलेल्या स्नायुबंधाच्या धाग्यांस आडवें व खोल घर्षण करण्याची रीति प्रचारांत आणली. मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचाराचें शिक्षण इ. स. १९५२-५३ च्या सुमारास सुरू झालें. या सर्व रीतींत उपचार करणाराचें बोट हेंच साधन होतें, आणि बोट थकतें ही त्याची मर्यादा होती.

ती मर्यादा ओलांडण्याचा यत्न अमेरिकेंत झाला. डेव्हिड ग्रास्टन नांवाच्या गृहस्थाचा गुडघा खेळतांना दुखावला. शस्त्रक्रिया होऊनही तो पूर्ववत् होईना, तेव्हां इ. स. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यानें गुळगुळीत पोलादाचीं, वेगवेगळ्या वळणांचीं अवजारें तयार करविलीं. इंडियाना संस्थानांतील बॉल स्टेट विद्यापीठांत त्यांची परीक्षा झाली. इ. स. १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, उंदरांच्या दुखावलेल्या स्नायुबंधावर अशा साधनानें दाब दिला असतां धागे विणणाऱ्या पेशींची संख्या वाढलेली आढळली. इ. स. २००९ मधील दुसऱ्या एका प्रयोगांत उपचार केलेला बंध चार आठवड्यांनीं अधिक बळकट दिसला; परंतु बारा आठवड्यांनीं उपचार केलेला आणि न केलेला यांत फारसा फरक उरला नाहीं. म्हणजे साधन बरें होण्याची गति कदाचित् वाढवितें. बरें करण्याचें काम देह स्वतःच करतो.

माणसांवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधकांनीं याहून सावध मत दिलें आहे. हालचाल थोडा वेळ मोकळी होते व वेदना कांहींशी कमी होते, यापलीकडे ठाम पुरावा अद्याप पुरेसा नाहीं. पट्टी फिरवितांना हातास जी खरखर लागते, ती म्हणजे आंत चिकटलेले धागे, आणि ते तुटले कीं दुखणें संपलें, असें पुष्कळदां सांगितलें जातें. पण हेंही तळव्यावरील काळ्या लेपासारखेंच आहे; दाबामुळें मज्जातंतूंची संवेदना बदलते, हें कारण अधिक संभाव्य वाटतें. म्हणूनच या उपचारास व्यायामाची जोड आवश्यक मानतात. रक्त पातळ करणारें औषध चालू असेल, शिरेंत रक्ताची गांठ असेल, हाड मोडलें असेल किंवा त्वचेवर जखम वा संसर्ग असेल, तर हें साधन अंगास लावूं नये.

या सावधपणाचें मोल कोल्हापुरास ठाऊक असावयास हवें. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरच्या राजाराम कॉलेजांत शिकले, आणि इ. स. १९५२ मध्यें हेलसिंकी येथें त्यांनीं स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविलें. चार वर्षांनीं मेलबर्नला जाण्याची त्यांची उमेद गुडघ्याच्या दुखापतीनें संपविली. जगांतील उत्तम प्रतिस्पर्ध्यांपुढें जो पाय रोंवून उभा राहिला, त्याला एका सांध्यानें थांबविलें. अशा सांध्यापुढें वस्तादाचा अंगठा, वैद्याची वीट आणि अमेरिकन पोलाद हीं सारखींच नम्र झालीं पाहिजेत. कोडोलीच्या एकाद्या तरुण मल्लाचा गुडघा सुजला, तर त्यास तालीम व इस्पितळ या दोहोंचीही गरज आहे. आधीं दुखणें काय आहे तें जाणत्यानें तपासावें. मग हात फिरवावा कीं पट्टी, हा प्रश्न मागाहूनचा आहे.