दानाची वही आणि दृष्टीचा हिशेब

जैन तत्त्वविचारात जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून होते. स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र ही ती पाच इंद्रिये. भुंग्याला चक्षूपर्यंतची चार इंद्रिये लाभतात. श्रोत्रेंद्रिय लाभले म्हणजे जीव पंचेंद्रिय होतो. अशा परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी औषधदानाचा ओघ नेत्र व कर्णसेवेकडे वळावा, हे स्वाभाविकच होय. परंतु दान देणे आणि दानाचा हिशेब ठेवणे ही दोन निराळी कर्तव्ये आहेत. नेत्र-कर्णसेवेचा इतिहास पाहिला तर दुसरे कर्तव्य पहिल्याइतकेच पवित्र का मानावे, हे ध्यानी येते.

दीपावलीच्या अमावास्येला भगवान महावीरांचे निर्वाणकल्याणक साजरे होते आणि त्याच सुमारास व्यापारी घरांत वह्यांचे पूजनही होते. देवद्रव्य अन्य कामी वापरणे हे पाप, ही शिकवण पेढीवरील मुनिमापासून विश्वस्तांपर्यंत सर्वांना ठाऊक असे. कायद्याने या शिकवणीला शासकीय चौकट दिली ती स्वातंत्र्यानंतर. न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अस्तित्वात आला. विश्वस्त संस्थांची नोंदणी, वार्षिक हिशेब, लेखापरीक्षण आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख ही त्याची मुख्य अंगे होत. आज हाच कायदा महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो.

या कायद्याला आव्हान देणाऱ्यांत एका जैन मंदिराचे वहिवाटदारही होते, ही बाब जैन समाजाने विसरू नये. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९५४ मध्ये दिला. हिशेब तपासण्याचा आणि व्यवस्थेवर देखरेख ठेवण्याचा शासनाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. मात्र मूळ हेतू साध्य होण्याजोगा असतानाही धार्मिक संस्थेचा निधी दुसऱ्या कामाकडे वळविण्याची मुभा देणारा भाग न्यायालयाने अवैध ठरविला. पैसा ज्या हेतूने आला त्याच हेतूसाठी तो खर्च व्हावा, हे तत्त्व या निकालाने दृढ झाले. तपासणी मान्य करावी आणि हेतू जपावा, हा या निकालाचा दुहेरी बोध होय.

तथापि नेत्रसेवेत केवळ रुपयांची वही पुरी पडत नाही. वर्गणी अमुक, खर्च अमुक, शस्त्रक्रिया अमुक इतका जमाखर्च जुळला, तरी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला दिसू लागले का, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाची दाहक जाणीव एप्रिल १९८६ मध्ये झाली. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे एका सेवाभावी संस्थेने भरविलेल्या शिबिरात शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला आणि ८४ जणांचे शस्त्रक्रिया केलेले डोळे कायमचे निकामी झाले. संसर्गाचा संशयित उगम शस्त्रक्रियेत वापरलेल्या सलाइनमध्ये आढळला. १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पीडिताला आधी मिळालेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी १२,५०० रुपये राज्य शासनाने द्यावेत असे सांगितले. गमावलेल्या दृष्टीचे मोल पैशाने होत नाही. सेवेचा हेतू कितीही निर्मळ असला तरी निर्जंतुकीकरणातील ढिलाईला तो उत्तर ठरत नाही, हा धडा मात्र सर्व शिबिर-संयोजकांपुढे कायमचा राहिला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मापदंड सुचविला: उपलब्ध चष्म्यासह किमान ८० टक्के डोळ्यांची दृष्टी ६/१८ किंवा त्याहून चांगली असावी आणि वाईट परिणामांचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी असावे. हीच खरी दृष्टीची वही.

वित्तव्यवस्थेचा वस्तुपाठ मदुराईत घडला. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकली होती. संस्थेच्या उभारणीसाठी घर गहाण पडले, कुटुंबातील दागिनेही गेले. तरीही देणगीवर कायम विसंबून राहायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. जे शुल्क देऊ शकतात त्यांच्या शुल्कातून जे देऊ शकत नाहीत त्यांची सेवा व्हावी, ही रचना त्यांनी केली. दोन्ही वर्गांना शस्त्रक्रिया करणारे हात तेच. १९९२ मध्ये संस्थेच्या ऑरोलॅबने डोळ्यात बसवायचे भिंग देशात तयार करण्यास आरंभ केला आणि परदेशी भिंगाच्या तुलनेत किंमत पुष्कळच खाली आली. खर्चाचा प्रत्येक घटक तपासल्याने अधिक रुग्णांना सेवा देता येते, हे या संस्थेने सिद्ध केले.

महाराष्ट्रात हीच जबाबदारी धर्मादाय रुग्णालयांवर कायद्याने आली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या असतात. इतर रुग्णांच्या देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते.

श्रवणसेवेचा हिशेब याहून लांब पल्ल्याचा आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका दिवसात होते. श्रवणयंत्र मात्र दिल्या दिवशी काम संपवीत नाही, तेथून ते सुरू होते. बॅटरी बदलावी लागते, मूल वाढले की कानाचा साचा नव्याने घ्यावा लागतो, यंत्र दुरुस्त करावे लागते आणि ऐकलेल्या ध्वनीला अर्थ देण्यासाठी वाचा-प्रशिक्षण हवे असते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेने अशा पुनर्वसनासाठी तज्ज्ञ घडविले. समारंभपूर्वक वाटलेले यंत्र वर्षभरात कपाटात जाऊन पडले, तर ताळेबंदात ते सेवा म्हणून दिसते. पण त्या बालकाच्या जीवनात त्याची नोंद होत नाही. म्हणून वाटपाच्या खर्चाबरोबरच पुढील देखभालीची तरतूद करणे हे विश्वस्तांचे कर्तव्य ठरते.

दात्याला पावती हवी असते, लेखापरीक्षकाला प्रमाणके हवी असतात. परंतु ज्याचे डोळे अधू आहेत तो अहवाल वाचू शकत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापर्यंत सभेतील निवेदन पोहोचत नाही. त्यांच्या वतीने हिशेब विचारणारा कोणी नसेल, तर तो स्वतःहून देणे हाच विश्वस्तधर्म होय. सुवर्णमहोत्सव हा जसा गौरवाचा प्रसंग, तसाच वही उघडण्याचाही. ५० वर्षांत किती निधी जमला याच्याबरोबरीने किती जणांना आजही दिसते आणि ऐकू येते, ही नोंद ज्या वहीत सापडेल, तीच वही पूजेला पात्र ठरेल.