धुरा कुठे टाकायचा?

फोन फॅक्टरी रीसेट केला की फोटो, मेसेज, अ‍ॅप सगळं उडतं. अँड्रॉइड मात्र जागेवर राहतं. कारण तुमच्या १२८ जीबीचे आधीच तुकडे पाडलेले असतात. एका तुकड्यात सिस्टिम, दुसऱ्यात तुमचा डेटा, शिवाय काही बारीकसारीक. रीसेट फक्त डेटाच्या तुकड्यावर नांगर फिरवतो. ही वाटणी तुम्हाला कोणी विचारून केलेली नसते. घरच्या युनिक्स किंवा लिनक्स मशीनवर मात्र ती स्वतः करावी लागते, आणि तिथे बसलं की पन्नास वर्षांचा इतिहास आपल्या मांडीवर येतो.

आमच्या सिंदी मेघेत शेतांचे लेआउट पडताना पाहतच आम्ही मोठे झालो. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि धुरा रेटण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. मी नव्या मशीनच्या ५१२ जीबी डिस्कचा कागदावर नकाशा काढत होतो तेव्हा बाबा म्हणाले, "एकच तं डबी आहे, काहून वाटणी करून राहिला?" प्रश्न अगदी बरोबर होता.

मुळात वाटणी कोणी ठरवून केलीच नव्हती. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते तेव्हा डिस्कच छोट्या होत्या. १९७४ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात यंत्राचं वर्णन आहे: १ एमबीची एक स्थिर डिस्क, प्रत्येकी २.५ एमबीच्या काढता-घालता येणाऱ्या चार, आणि ४० एमबीची एक मोठी. फोनवरचा आजचा एक फोटोसुद्धा २.५ एमबीत मावेलच असं नाही. पहिली डिस्क भरली तशा काही आज्ञा दुसऱ्या डिस्कवर, 'यूएसआर'मध्ये गेल्या. तिथे खरं तर वापरकर्त्यांच्या फायली असायच्या. पण दुसरी डिस्क जोडणारी 'माउंट' ही आज्ञा दुसऱ्याच डिस्कवर ठेवली तर ती जोडणार कशी? म्हणून यंत्र उठवायला लागणाऱ्या आज्ञा पहिल्या डिस्कवर, 'बिन'मध्ये, आणि उरलेल्या 'यूएसआर बिन'मध्ये. ही अडचणीतून निघालेली वाट होती. पुढच्या पिढ्यांनी तिला शास्त्र मानलं. डिस्क हजारपट मोठ्या झाल्या तरी ही दोन घरं वेगळीच राहिली. फेडोरा लिनक्सने ती २०१२ मध्ये एकत्र केली तेव्हा बरीच कुरकुर झाली. मला विचाराल तर तो निर्णय वीस वर्षं उशिरा आला.

सगळेच धुरे असे निरर्थक नाहीत. बर्कलेच्या युनिक्समध्ये एका डिस्कचे 'ए' ते 'एच' असे आठ भाग पडत, आणि 'सी' म्हणजे अख्खी डिस्क. सनच्या सोलारिसनेही हीच चाल ठेवली. १९९८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम १०००० हा महासंगणक उभा केला तो सनच्याच अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर. (सी-डॅकचा पाया घालणारे विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातले, हे सांगितल्याशिवाय विदर्भाचा माणूस पुढे जात नाही.) अशा यंत्रांवर लॉगच्या फायली 'व्हार'मध्ये वेगळ्या ठेवण्याला अर्थ होता. एखादा प्रोग्रॅम बिघडून रात्रभर चुका लिहीत बसला, तर त्याचंच शेत भरतं, शेजाऱ्याचं नाही.

आपल्या पीसीची गोष्ट आणखी काटकसरीची. १९८३ मध्ये डॉस २.० सोबत आलेला वाटणीचा तक्ता डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये बसवलेला. त्यातले तक्त्याला ६४, म्हणजे १६ बाइट्सच्या चारच नोंदी. या सातबाऱ्यावर चारच नावं लागत आणि २ टीबीपुढची जमीन त्याला दिसतच नसे. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये असाच पीसी घेतला. एकदा त्याने मोडेमऐवजी हार्ड डिस्कलाच फोन नंबर पाठवला आणि मिनिक्सचं पार्टिशन उद्ध्वस्त झालं. मिनिक्स पुन्हा टाकण्याऐवजी तो पूर्णपणे लिनक्सवर गेला. लिनक्स दुसऱ्या हिश्शात होतं, म्हणून ते वाचलं.

आता माझी वाटणी. बूटसाठी १ जीबी. स्वॅप १६, कारण माझी मेमरी तेवढीच आहे आणि वीज गेली की यूपीएसच्या दहा मिनिटांत यंत्राला मेमरीसकट झोपवायला तेवढी जागा लागते. रूटला ८०. त्याच्या लगेच मागे ५० पडीक. उरलेलं सगळं 'होम'. पडीक रान मुद्दाम तिथेच ठेवलंय. पार्टिशन शेवटाकडून वाढवणं सोपं असतं. सुरुवातीचा धुरा मागे सरकवायचा तर आतला सगळा डेटा उचलून हलवावा लागतो, आणि मध्येच लाइट गेली तर कोणाचंच काही उरत नाही. उद्या लिनक्स नव्याने टाकलं तरी 'होम'ला हात लागणार नाही.

त्या 'होम'मध्ये आमच्या मोठ्या काकांच्या शेताचे स्कॅन आहेत: जुने फेरफार, मोजणीचे नकाशे. मूळ कागद घडीवर फाटायला आलेत, आणि वर्ध्याच्या कोर्टात तारीख सुरू आहे. पार्टिशन म्हणजे बॅकअप, असा समज मी शिकल्यासवरल्या इंजिनिअरांत पाहिलाय. पोटहिस्से कितीही पाडा, नदीला पूर आला की सगळे एकत्रच बुडतात. डिस्क मेली की 'होम'ही जातं. म्हणून दर रविवारी ते फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरतं, आणि महिन्यातून एकदा ती डिस्क नागपूरला ताईकडे जाते. तिथून आधीची डिस्क परत येते.