कुंपणाबाहेरचा दरबार

साताऱ्याला आगगाडीने येणारा माणूस एके काळी कोरेगाव तालुक्यातच उतरायचा. जमीन आमच्या तालुक्याची, स्टेशनचं नाव मात्र सातारा रोड. तिथून पुढे सडकेने साताऱ्यात. या साताऱ्यात १९१७ ते १९१९ या काळात एक संस्था नांदून गेली. तिच्याबद्दल आज फारसं कुणी बोलत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा ‘देवाचा दरबार’ ही ती संस्था.

टिळक आपल्याला ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ठाऊक आहेत, पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे घरधनी म्हणूनही ठाऊक आहेत. कोकणातल्या करजगावचा हा ब्राह्मण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. बाप्तिस्मा परदेशी मिशनऱ्याकडून नको, आपल्याच देशातल्या पाळकाकडून हवा, हा त्यांचा पहिला हट्ट. पुढचा बराचसा काळ अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत गेला. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ते मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळू लागले. भजनं, अभंग, कीर्तनं यांचा ओघ सुरूच होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो, असं ते सांगत.

हा माणूस १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीचा राजीनामा देतो. ८ सप्टेंबरला संन्यास जाहीर करतो आणि साताऱ्यात दरबार मांडतो. भांडण झालं म्हणून ते बाहेर पडले असं समजायचं कारण नाही. ‘ज्ञानोदय’चं काम त्यांनी त्यानंतरही सोडलं नाही. त्यांना खुपत होती ती वेगळीच गोष्ट: मिशनच्या पगारावर, मिशनच्या अहवालांत आणि मिशनच्या आवारात राहणारा ख्रिस्त मराठी माणसाला परकाच वाटणार.

दरबाराची मुख्य कल्पना एका वाक्यात मावते: ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिष्यांचा बंधुसंघ. ‘न घेतलेल्या’ या शब्दांनी त्या काळच्या ख्रिस्ती मंडळ्यांना (चर्चना) किती दचकायला झालं असेल, याचा अंदाज आज येणं कठीण. बाप्तिस्मा म्हणजे दार. दारातून न येता कुणी घरचा कसा ठरतो? टिळकांचं उत्तर भक्तिमार्गातलं होतं. वारीत चालणाऱ्याला दिंडीच्या वहीत नाव आहे का, असं पांडुरंग विचारत नाही. ख्रिस्ताचं दर्शन ज्याला झालं तो त्याचा. नोंदवही नंतर.

आता या दाराभोवतीचं कुंपण मुळात कुणी आणि का घातलं, ते पाहायला दुसऱ्या शतकातल्या रोमला जावं लागतं. तिथे इ. स. १४०च्या सुमारास व्हॅलेंटायनस नावाचा मोठ्या बुद्धीचा ख्रिस्ती आचार्य शिकवत होता. टर्टुलियन या प्राचीन ख्रिस्ती लेखकाच्या म्हणण्याप्रमाणे तो बिशप होता होता राहिला. आपण ज्यांना नॉस्टिक म्हणतो त्या पंथांपैकी एकाचा हा प्रवर्तक. त्यांची शिकवण थोडक्यात अशी: हे जग परमेश्वराने केलेलं नाही, एका कनिष्ठ, अजाण निर्मात्याचं ते काम आहे. काही माणसांच्या आत दिव्यत्वाची ठिणगी अडकून पडली आहे आणि तिची ओळख पटवणारं ज्ञान द्यायला ख्रिस्त आला. माणसंही तीन प्रतीची: निव्वळ मातीची, मधली, आणि आत्म्याची. गुप्त ज्ञान पेलतं ते शेवटच्यांनाच. काही पंथ तर ख्रिस्ताचं शरीरही भास मानत. खरा देह नाही, तर खरं दुःख आणि खरा क्रूसही नाही.

मंडळीला हे बाहेरचं आक्रमण वाटलं नाही, घरातलं भांडण वाटलं, म्हणून ते जास्त लागलं. जवळजवळ त्याच वेळी रोममधल्याच मार्शियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने जुना करारच टाकून दिला, लूकचं शुभवर्तमान छाटलं, त्याला पौलाची दहा पत्रं जोडून स्वतःचं शास्त्र बनवलं. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. तो पुरता नॉस्टिक नव्हता, पण त्याने एक मोठा प्रश्न उभा केला: आपलं शास्त्र कोणतं?

इ. स. १८०च्या सुमारास गॉलमधल्या ल्यों शहराचा बिशप इरेनियस याने उत्तरं मांडली. शुभवर्तमानं चारच. शिकवण उघडी, प्रेषितांपासून बिशपांच्या परंपरेने सगळ्यांसमोर आलेली. कानात सांगितलेलं काही नाही. आणि देव एकच, ज्याने आकाश-पृथ्वी केली तोच. अनेक ख्रिस्ती मंदिरांत आजही मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणताना आकाश व पृथ्वीचा उत्पन्नकर्ता हे शब्द सहज तोंडातून जातात, पण त्यांना धार आली ती या वादात. ३६७ मध्ये बिशप अथेनेशियसच्या पत्रात नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची यादी येते, तोवर कुंपण पक्कं झालं होतं. नॉस्टिकांचे ग्रंथ गेले. १९४५ मध्ये वरच्या इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात तेरा कॉप्टिक पोथ्या सापडेपर्यंत त्यांची माहिती मुख्यतः त्यांच्या विरोधकांकडूनच मिळत असे. माझ्या मते नॉस्टिकांचा आरंभीच्या ख्रिस्ती श्रद्धेवरचा सर्वांत मोठा परिणाम हाच: त्यांना नाकारता नाकारता मंडळीला शास्त्र, मतांगीकार आणि अधिकारपदं मिळाली.

टिळकांच्या दरबाराला मग नॉस्टिक म्हणायचं का? आतला अनुभव आधी, संस्था नंतर, एवढ्यापुरतं साम्य आहे. तिथेच ते संपतं. दरबारात गुप्त काही नव्हतं. सगळा व्यवहार भजन-कीर्तनाचा, म्हणजे चौकात मोठ्याने करायचा. प्रतवारी तर टिळकांना सोसलीच नसती; जातीची प्रतवारी सोडून आलेला माणूस आत्म्याची प्रतवारी कशी मांडील? आणि ज्या कवीने फुलं, मुलं, पाखरं यांत देवाचा हात पाहिला, तो सृष्टीला अजाण निर्मात्याची चूक म्हणणार नाही. ख्रिस्ताच्या जन्मापासूनची कथा ओवीत सांगायला त्यांनी ‘ख्रिस्तायन’ घेतलं होतं. तिथला ख्रिस्त भास नव्हे, आईच्या मांडीवरचा आहे. इरेनियसला दरबाराचं दार उघडं पाहून घाम फुटला असता, पण शिकवणीत बोट ठेवायला जागा मिळणं अवघड होतं.

संस्था म्हणून मात्र दरबाराचं जे झालं, ते कुंपण नसलेल्याचं होतं तेच. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं आणि अस्थी नगरला नेल्या. दरबार त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता; त्यांच्यामागे साताऱ्यात तो टिकला नाही. परंपरा चालवायला बिशपच लागतो असं नाही, पण कुणी तरी लागतो. ‘ख्रिस्तायन’चेही अकराच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट लिहिले, शेवटचा त्यांचे पुत्र देवदत्त टिळकांनी. या घरात पुस्तकाला वारस मिळाले, दरबाराला नाही.

धागा उचलला तो एका इंग्रज पाद्र्याने. जॅक विन्स्लो हे नगर भागात काम करत, टिळकांचे चाहते; १९२३ मध्ये त्यांनी टिळकांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापला: खादी, साधं अन्न, भारतीय आणि युरोपीय एकत्र. पुढे संघ पुण्यात शिवाजीनगरला आश्रम बांधून राहिला. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले व्हेरियर एल्विन हिंदुस्थानात आले ते १९२७ मध्ये या संघातूनच. पण संघ अँग्लिकन मंडळीच्या कक्षेतला होता, व्रतं आणि नियम असलेला. टिळकांचं धाडस तिथे थोडं शिस्तीत बसवलेलं दिसतं. १९३४ मध्ये त्यातून ख्रिस्त प्रेम सेवा संघ वेगळा निघाला.

पुण्यातल्या त्या वास्तूत १९७२ मध्ये कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी मिळून ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम पुन्हा सुरू केला. तिथे राहिलेल्या सिस्टर सारा ग्रँट या शंकराचार्यांच्या वेदान्ताच्या अभ्यासक. अद्वैत मानणारी ख्रिस्ती म्हणून त्यांनी स्वतःची बाजू छापून मांडली, आपल्या मंडळीत राहून आणि उघडपणे.